फिटरच्या बैठकीतला समुद्र

विदर्भातल्या वणीत समुद्र होता, आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या फिटरच्या बैठकीत. काचेच्या पेटीसाठी तो खारं पाणी घरीच कालवायचा. खारेपणा मोजायची नळी बुडवून झाली, तरी शेवटी बोट बुडवून चाखायचा आणि म्हणायचा, "बराबर!"

कापसाचे वाईट दिवस होते. माझी आधीची जिनिंग बंद पडली, म्हणून मी इथे लागलो होतो. जेवायच्या सुट्टीत जुने कामगार सावलीत बसू देत नसत. "जागा आमची हाय." आठवडाभर मी गेटपाशी उभ्यानंच डबा खाल्ला. फिटरनं ते पाहिलं. रविवारी मला घरी नेलं.

पेटीत बोटाएवढा निळा मासा एक दगड बळकावून होता. जवळ येईल त्याच्या अंगावर जायचा. नवा पिवळा मासा अजून पिशवीतच होता.

"आता पाह्य गंमत!" फिटरनं कोपरापर्यंत हात घातला, सगळे दगड इकडचे तिकडे केले आणि पिवळ्याला सोडलं. निळा आपलं घर शोधत गरगरत होता. पिवळ्याकडे पाहायला त्याला फुरसतच नव्हती!

"जागाच नाई राह्यली, तं भांडते कायले?" फिटर टाळ्या पिटत ओरडला.

सोमवारी सुट्टीत पाहतो तर कडुनिंबाखालची बाकडी, पाण्याचा माठ, सगळं हललेलं. जुने कामगार डबे धरून गोंधळून उभे. फिटर एकटाच भाकर मोडत होता.

"काहून उभा हायेस? बस नं बापा."

मी बसलो. त्यानं बोटाला लागलेलं लोणचं चाखलं आणि म्हणाला, "बराबर!"