सत्कार आटोपला की पुढचा प्रवेश

नाटक संपलं की सेट मोडतो, भाड्याचे कपडे परत जातात, दाढ्यामिशा डब्यात पडतात. घरी येतात ते किस्से. ते कुणी मुद्दाम गोळा करत नाही, आपोआप साचतात, आणि प्रॉम्प्टरकडे सगळ्यात जास्त साचतात. नटाचं लक्ष नाटकात असतं, प्रेक्षकाचं रंगमंचावर असतं, नाहीतर मोबाइलमध्ये. विंगेत वही धरून उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन्हीकडचं दिसतं. मी बीडमध्ये बावीस वर्षं असा उभा आहे. दिवसा शाळेत क्लार्क, संध्याकाळी प्रॉम्प्टर. तोंडाला रंग एकदाही लावलेला नाही.

आमचं मंडळ हौशी. निर्मळ सर नाटक लिहितात, बसवतात आणि त्यात कामही करतात. आमच्याच शाळेत ते मराठी शिकवायचे, आता रिटायर आहेत. सुषमा मेडिकलच्या दुकानात बसते आणि सात वाजले की तिथून थेट तालमीला येते. शकीलभाईंचा माइकचा धंदा. लग्न, सभा, उरूस, नाटक, सगळीकडे त्यांचेच भोंगे. बाकीचे नट येतात, बदली झाली की जातात. टिकलो ते आम्ही चौघं.

बाहेरच्या माणसाला आधी आमच्याकडचा एक रिवाज सांगावा लागतो. इथं नाटक चालू असताना पुढारी आला की नाटक थांबतं. अगदी रीतसर थांबतं! लाइट लागतात, निवेदक माइक घेऊन येतो, मग फेटा, शाल, नारळ आणि पाहुण्यांचे दोन शब्द. दोन शब्द म्हणजे वीस मिनिटं धरा. मग निवेदक जाहीर करतो, "सत्कार आटोपला आहे, आता पुढचा प्रवेश!" यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हॉल पुढाऱ्याच्या शब्दावर मिळतो, जनरेटर त्याच्या माणसाचा असतो, मग त्याला नको कसं म्हणणार?

वाईट वाटायचं ते फक्त सरांना. त्यांना बक्षीस नको होतं, पेपरात फोटो नको होता. आपलं एक तरी नाटक पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत न थांबता व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि बावीस वर्षांत नेमकं तेवढंच झालेलं नव्हतं.

* * *

एका प्रयोगात सरांनी नवऱ्याचं काम केलं होतं, सुषमानं बायकोचं. भांडण रंगात आलेलं. सरांनी तिला मारायला हात उगारला आणि हॉलचे लाइट लागले. पाहुणे आले होते!

सत्कार झाला, भाषण झालं. पाहुण्यांनी स्त्रियांचा सन्मान या विषयावर फार सुंदर विचार मांडले. मग पुढचा प्रवेश. सर पुन्हा जागेवर गेले, सुषमा जागेवर गेली, सरांनी हात उगारला. आता गंमत बघा, कान फुटेपर्यंत भाषण ऐकलेल्या प्रेक्षकालाही सगळं लक्षात असतं. तिसऱ्या रांगेतून एक बाई ओरडल्या, "सर, हात आणखी वर होता!"

सरांनी मुकाट्यानं हात वर घेतला.

* * *

शकीलभाईंचा स्वभाव लाखात एक, पण कान सभेचे. एका नाटकात सरांनी मुद्दाम मोठी शांतता ठेवली होती. मुलगा घर सोडून गेलाय, आई दाराकडे बघत बसलीय, कुणी काही बोलत नाही. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तेवढ्यात भोंग्यातून अशी शिट्टी वाजली की पुढच्या रांगेतलं लेकरू किंचाळून उठलं.

पडदा पडल्यावर सर तणतणत साउंडच्या टेबलापाशी गेले. शकीलभाई शांतपणे वायर गुंडाळत होते. "सर, आवाज येईना म्हणून म्या वाढवला."

"अहो, ती शांतता होती!"

"मंग आधी सांगायचं ना सर," शकीलभाई म्हणाले, "शांततेचा आवाज किती ठेवायचा ते!"

सर आधी चिडले आणि मग टेबलाला धरून हसत राहिले. त्या दिवसापासून आमच्या वहीत जिथं शांतता आहे तिथं मी लाल पेनानं लिहितो, 'शकीलभाई, हात वर.'

* * *

पुढची रांग म्हणजे सोफे. ते मान्यवरांसाठी, आणि मान्यवर नेहमी नंतर येणार. त्यामुळं नट रिकाम्या सोफ्यांसमोर काम करत असतात आणि माणसं मागं भिंतीला टेकून उभी असतात. सर कितीदा म्हणायचे, पुढं येऊन बसा. कुणाची हिंमत होत नसे.

एकदा एक म्हातारा आला आणि सरळ मधल्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसला. अंगावर घोंगडी, शेजारी काठी. तलवाड्याहून शेरडं विकायला आलेला, बाहेर भोंगा ऐकला म्हणून आत शिरला. कार्यकर्ते त्याला उठवायला आले तर म्हणतो कसा, "गप बसा की बे, नाटक सुरू हाय!" बीडमध्ये हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढं पाहुणे आलेच, सत्कार झालाच, म्हाताराही उठला नाहीच. प्रयोग संपल्यावर सर रंग न पुसताच त्याला भेटायला गेले. त्यानं सरांचे दोन्ही हात धरले. "लई ग्वाड काम केलं मास्तर. पण मधीच थांबता कावून? ध्यानात राहत न्हाई का?"



* * *

आष्टीच्या प्रयोगाला मात्र आम्ही अगदी जवळ पोचलो होतो. तिथल्या मंडळींनी हौसेनं मोठा फ्लेक्स लावला. वर सगळे साहेब, मधे सगळे दादा, खाली युवा नेते. एकूण एकोणीस चेहरे, त्यात नाटकाचं नाव आणि वेळ कशीबशी बसली. ठिकाण टाकायला जागाच उरली नाही! फ्लेक्सवाला म्हणाला, "ठिकाण कशाला लागतंय? साहेबाचे कार्यक्रम कुठं असतेत ते लोकांला ठावं हाय."

लोकांना ठाऊक होतंच. ते सगळे बाजार समितीच्या आवारात जमले. पाहुण्यांना छापील पत्रिका गेल्या होत्या, म्हणून ते बरोबर हॉलवर गेले. प्रेक्षक एका ठिकाणी, मान्यवर दुसऱ्या ठिकाणी! सरांनी एक क्षण विचार केला आणि सगळा सेट टेम्पोत टाकून आवारात आणला. कांद्याचा लिलाव होतो त्या ओट्यावर नाटक लागलं. पायाखाली कांद्याची सालं, समोर पोत्यांवर बसलेली माणसं, आणि एकही सोफा नाही. सरांनी त्या दिवशी जसं काम केलं तसं पुन्हा कधी केलं नाही.

पहिला अंक झाला, दुसरा रंगला. मी वहीची पानं उलटत होतो आणि उरलेली मोजत होतो. दोन पानं राहिली असताना आवाराच्या फाटकातून गाड्यांचे लाइट आत वळले. एकोणीस माणसांचा सत्कार व्हायचा म्हणजे किती वेळ लागतो ते तुम्हीच समजून घ्या. परतताना टेम्पोत सर एवढंच म्हणाले, "अशोक, दोनच पानं होती रे."

* * *

त्यानंतर वर्षभरात सरांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, आवाजही हळूहळू बसेल. बसस्टँडच्या मागं आमचं नेहमीचं चहाचं हॉटेल आहे, तालीम सुटली की तिथं बसतो. सरांनी तिथं नवीन वही टेबलावर ठेवली. "हे शेवटचं," म्हणाले. "नंतर जमायचं नाही."

एका भांडखोर म्हाताऱ्याची गोष्ट होती. जन्मभर त्यानं साऱ्या गावाशी वैर केलेलं. शेवटच्या प्रवेशात तो मरून पडलाय, मुलगी एकटी उशाशी बसलीय आणि खांदा द्यायला कुणी येत नाही. म्हातारा अर्थातच सर करणार होते.

सुषमा म्हणाली, "सर, मेलेल्या माणसाचा हात हलून कसं चालंल?"

"चादरीखालून तू धरून ठेव," सर म्हणाले.

मला तिथं बसवेना. पाणी आणतो म्हणून मी उठलो आणि बराच वेळ माठापाशी उभा राहिलो.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शकीलभाई तात्यांकडे गेलो. तात्या आमच्या भागाचे पुढारी, हॉल त्यांच्याच शब्दावर मिळालेला, निवडणूक तोंडावर. ओसरीवर ही गर्दी! कुणाचा नळ, कुणाचं रेशन कार्ड, कुणाच्या पोराची ॲडमिशन. आमचा नंबर आल्यावर मी चाचरत म्हटलं, "तात्या, सरांचं शेवटचं नाटक आहे. तेवढं मधे थांबू नये, अशी त्यांची इच्छा आहे."

तात्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी आलो न्हाई तर लोक म्हणतेत, तात्याला बोलावलं न्हाई. बोलावून आलो न्हाई तर म्हणतेत, तात्या बदलला. मला तरी कुठं सुटका हाय?"

"मग वेळेवर या की साहेब," शकीलभाई म्हणाले.

"वेळेवर आलो तर म्हणतेत, आता तात्याला कुणी इचारत न्हाई, रिकामा हाय!"

आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. "बघू," म्हणाले आणि नळवाल्याकडे वळले. बघू म्हणजे काय, हे आमच्या गावात लहान पोरालाही कळतं. सरांना सांगायचं कसं, याच काळजीत आम्ही परत आलो.

* * *

प्रयोगाला हॉल गच्च भरला. निवेदक शाल, फेटा, नारळ घेऊन विंगेत तयार बसला होता. पहिला अंक झाला, तात्या नाहीत. मध्यंतरात सरांनी मला नुसत्या भुवया उंचावून विचारलं, मी मान हलवली. दुसरा अंक निम्मा झाला, तरी नाहीत. मला देव आठवला.

शेवटचा प्रवेश लागला. चटईवर सर, अंगावर पांढरी चादर. उशाशी सुषमा, तिचा एक हात चादरीखाली. तिनं वहीतलं शेवटचं वाक्य म्हटलं, "येईल कुणीतरी." आता साउंडचं टेबल सोडून पडद्याच्या दोरीपाशी आलेल्या शकीलभाईंनी मनात साठ मोजायचे आणि पडदा ओढायचा, बस्स. मी वही मिटली.

तेवढ्यात आमच्या मागचं दार उघडलं आणि तात्या आत आले. पाठीमागं चार कार्यकर्ते, पुष्पगुच्छ, मोबाइलवाला फोटोग्राफर. निवेदक माइक घेऊन लगबगीनं पुढं झाला. मी आडवा उभा राहिलो. "तात्या, एक मिनिट! पाया पडतो, फक्त एक मिनिट!"

तात्या माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून ते रंगमंचाकडे बघत होते. चटई, चादर, शेजारी एकटी बसलेली बाई. त्या दिवशी वॉर्डातल्या तीन घरी दुःखाला जाऊन ते थेट इकडे आले होते, असं ड्रायव्हर नंतर म्हणाला. त्यांनी हात मागं करून कार्यकर्त्यांना थांबवलं. खाली वाकून चपला काढल्या आणि माझ्या शेजारून पुढं गेले.

प्रेक्षकांत कुणीतरी टाळी वाजवायला लागला आणि दुसऱ्याच टाळीला थांबला. तात्या सरांच्या पायाशी मांडी घालून बसले. मान खाली घातली.

सुषमानं विंगेकडे बघितलं. नटानं वाक्य मागावं आणि माझ्याकडे ते नसावं, असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. मी वेड्यासारखी वही उघडली. पुढं कोरं पान होतं.

मग ती स्वतःच त्यांच्याकडे वळली. "कोन तुमी?"

"हितलाच," तात्या म्हणाले. "उशीर झाला, ताई."

शकीलभाईंनी किती मोजले कुणास ठाऊक, पण पडदा आला. टाळ्या सुरू व्हायला बराच वेळ लागला. तोवर तात्या उठले, चपला घातल्या आणि मागच्या दारानं गेले. निवेदकाच्या हातातली शाल हातातच राहिली.

सर उठून बसले. मग मला म्हणाले, "वही आण, पेन आण." मी दिलं. त्यांनी कोऱ्या पानावर पेन टेकवलं, पण हात ऐकेना, तेव्हा पेन माझ्याकडे सरकवलं.

"लिही," म्हणाले. "एक माणूस येतो. चपला काढतो."