आईची काचेची नळी

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. सांधेदुखीने मी वाळून काटकी झाले होते, आणि अचानक गालांवर, पोटऱ्यांवर भरले. केदारखेड्यातली आमची सगळी गल्ली खूश. "पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं!" आरशात बघून मीही खूश. आईने मात्र माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो लवकर भरेना.

"हे मांस न्हाई. पाणी हाय," ती म्हणाली.

औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार सांध्यांचाच, पण आता मूत्रपिंडात उतरलाय. असं क्वचित होतं. रोगाशी लढणारी शरीरातली ताकदच शरीरावर उलटलीये.

"म्हंजे कुंपणच शेत खायलंय म्हणा की," आई म्हणाली. डॉक्टर हसले. "बराबर!"

त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक काचेची नळी. रोज सकाळी तीत लघवी घेऊन तापवायची. पांढरं साकळलं तर मूत्रपिंडं गळतायत, तडक निघून यायचं. माझ्या आखडलेल्या बोटांत नळी ठरेना. मग शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आईने ती हातात घेतली. मजुरीला जायच्या आधी ती अंगणात दिवा पेटवायची. शेजारणी नाकाला पदर लावायच्या. आई म्हणायची, "लेक माझी हाय, नाक तुमचं हाय."

गोळ्यांनी सूज उतरली, मग चार महिने नळी स्वच्छ राहिली, तशा गोळ्या कमी झाल्या. मग नेमकी माझ्या मॅट्रिकच्या पेपरच्या सकाळी तिने नळी उजेडात धरली.

"आवर. औरंगाबादला जायचं."

सूज नव्हती, काही नव्हतं. मी भडकले. "तुला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य मला अजून सलतं.

"येवढंच कळतं. चल," म्हणत तिने मला एसटीत बसवलं.

तिथे एका तरुण डॉक्टरने माझे पाय बघितले आणि महिन्याने या म्हणाला. आई बाकावरून हलली नाही. "माझ्यासमोर तापवा, मंग जाते." त्याने तापवली. नळीत दही लागल्यासारखं झालं. तो धावतच मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला.

"महिनाभर थांबला असतात तर हिची मूत्रपिंडं हाती लागली नसती," ते म्हणाले, आणि माझ्या कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं.

मला बरं वाटल्यावर दवाखान्यातून घरी सोडलं, तेव्हा एसटीत मी ते अक्षर लावलं आणि आईला मराठीत सांगितलं, "आजार उलटल्याचं पहिल्यांदा रुग्णाच्या आईने ओळखलं."

तिने कागद हातात घेतला. "आई कुठं लिवलंय?"

मी बोट ठेवलं. जालना येईपर्यंत ती त्या एका शब्दाकडे बघत राहिली.