फक्कीची रेघ
पीव्हीसी पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास आला की मला चांद्याच्या माळावरचं एक फार्महाऊस आठवतं. छोट्या स्विमिंग पूलचा खड्डा खणून झाला होता आणि प्लंबरकाम करणारे माझे वडील पाइप कुठून जाणार ते जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखत होते. मालक म्हणाले, फिल्टर धुतल्याचं पाणी सरळ खालच्या ओढ्यात सोडा. त्या ओढ्यावर आमच्या भावकीची मेंढरं पाणी पितात. "त्यात क्लोरीन असतंय सायेब, तितं न्हाई सोडणार," वडील म्हणाले. "अहो, बोर्ड लावू की!" "मेंढरू बोर्ड वाचतं व्हय?" मालक चिडले, "मग मी दुसरा प्लंबर बघतो." "बघा की. पर तो बी ह्याच ओढ्याचं पाणी पिऊन मोठा झालेला असंल." एवढं बोलून वडिलांनी ओढ्याकडे जाणारी रेघ पायाने पुसली आणि दूर कुंपणाशी शोषखड्ड्याचा गोल आखला. मालक त्या गोलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "किती खोल घ्यायचा?" मी वडिलांच्या शेजारी ताठ मानेने उभी होते. लहानपणापासून मी मोर्च्यांची पत्रकं वाचत आले, आता लिहितेही. पण त्या पुसलेल्या रेघेइतकं ठाम वाक्य मला अजून जमलेलं नाही.