फक्कीतलं घर

माझ्या बायकोच्या मामांनी बालाघाट जिल्ह्यात जितकी घरं उभी केली तितकी एकाही ठेकेदाराने केली नसतील, आणि त्यांतल्या एकाही घराला भिंत नव्हती. सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला माणूस सकाळी देवळात जातो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी पेन्शनरांच्या बाकावर बसून सरकारला नावं ठेवतो, असा माझा समज होता. मामांना यातलं काहीच जमलं नाही. आमच्या घरामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत ते एकटे राहतात. आवास योजनेत कुणा गरिबाचं पहिलंवहिलं घर मंजूर झाल्याची बातमी कानावर आली, की मोपेडवर पायांमध्ये फक्कीचं पोतं ठेवून ते निघालेच! फक्की म्हणजे पाया आखायची चुन्याची भुकटी. त्या पोत्याला एक भोक आहे आणि ते शिवायला मामांना इतक्या वर्षांत सवड झालेली नाही. त्यामुळे मामा कुठे आहेत हे कुणी विचारत बसत नाही. रस्त्यावरची पांढरी रेघ धरून जायचं. ती संपते तिथे मामा गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन कुणाला तरी रागावत असतात. ज्याला रागावतात तोही त्यांना प्रेमाने मामाजीच म्हणतो.

घर आखून झालं की मामांचा खरा सोहळा सुरू होतो. घरच्या सगळ्यांनी त्या रेघांच्या आत अर्धा दिवस राहून दाखवायचं. खाट आणायची, म्हातारीला तिच्यावर निजवायचं, चूल मांडून खरोखरचा भात शिजवायचा आणि आत-बाहेर करायचं ते फक्त दारातून. लामता गावी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा मी बेसावधपणे रेघ ओलांडली. मामा कडाडले, "जावईबापू, तुम्ही भिंतीतून काहून आले?" मला परत बाहेर जावं लागलं, चपला काढाव्या लागल्या आणि जिथे दार नव्हतं त्या दारातून मान किंचित वाकवून आत यावं लागलं. बघायला जमलेलं अर्धं गाव हसत होतं, पण घरातल्या म्हातारीला ते सगळं पटलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "इथं खिडकी ठेवशीन तं शेजाऱ्याचा धूर माह्या तोंडावर येईन." मामांनी लगेच पायाने खिडकी पुसली आणि चार हात पलीकडे आखली. मला म्हणाले, "कागदावर खिडकी हालवाची तं साहेबाची सही लागते. इथं पाय पुरते."

मला आधी हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा. मग लक्षात आलं, की योजनेचं घर अडतं ते बहुतेक एकाच चुकीने. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, आणि प्रत्येक फोटोनंतर पुढचा हप्ता, अशी ती पद्धत. पण जन्मात पहिल्यांदा स्वतःचं घर बांधणाऱ्या माणसाचा हात आखडत नाही. पाव्हणे काय म्हणतील, म्हणून तो पाया ऐसपैस खोदतो. पैसा जमिनीत जातो, भिंती छातीपर्यंत येऊन थांबतात आणि वर्षानुवर्षं आत शेळ्या बांधल्या जातात. लहान घर किती पुरतं हे कागदावर कळत नाही, ते राहून कळतं, असं मामांचं म्हणणं. आजवर किती जणांची छतं या माणसाने वाचवली असतील! आणि मोबदला म्हणून घेणार काय, तर एक चहा, तोही दुप्पट साखरेचा.

आमच्याकडे कामाला येणारी फुलवंता भरवेलीकडची. तिचा नवरा रामप्रसाद खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली आहे. बरीच वर्षं वाट पाहून यादीत तिचं नाव लागलं, आणि त्याच महिन्यात घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. घर वेळेत उभं राहिलं नाही तर दोन पोरी घेऊन ती जाणार कुठे? मामांनी तिचं घर आखलं, तिने रेघांच्या स्वयंपाकघरात भात शिजवला आणि "पुरते, मामाजी" म्हणून सांगितलं. रामप्रसाद तेवढा रेघांबाहेर पावलं मोजत फिरत होता. आठव्या दिवशी फुलवंता रडतच आली. "यायनं चारी बाजूनं दोन-दोन हात वाढवून खोदलं. हप्त्याचा पैसा तं पायातच जाईन. मंग वर काय, आभाळ?"

मी आणि मामा तिच्या जागेवर गेलो. मामा आता याला सोलून काढणार अशी माझी खात्री होती. पण रामप्रसाद शांतपणे म्हणाला, "मामाजी, जिंदगीत एकदाच घर बनते. लहान काहून बनवू?" मामांनी मोपेड वळवून घेतली. म्हणाले, "चाल, बस गाडीवर."

वारासिवनीच्या रस्त्याला एका मोकळ्या जागेपाशी त्यांनी मोपेड थांबवली. मागून मी पोचलो. समोर काळ्या दगडाचं भलंमोठं जोतं होतं, त्यावर बोरी माजलेल्या. मामांचा एक प्लॉट भावकीच्या वादात अडकलाय, एवढंच आमच्या घरात सांगितलं जाई; तो हाच.

"हा हॉल," मामा हाताने दाखवत म्हणाले. "हे देवघर. हा पाव्हण्यायचा कमरा. तुही मामी म्हणे, दोन खोल्या करा, चुलीपासून समोरचं दार दिसलं की झालं, मी सुखानं राहीन. म्या म्हटलं, ओव्हरसियरचं घर काय दोन खोल्यायचं राह्यते? सगळा पैसा या जोत्यात गेला. ते बिचारी सरकारी क्वार्टरातच वारली."

रामप्रसाद त्या जोत्यावरून एक फेरी मारून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाढवलेला खड्डा स्वतःच्या हाताने बुजवला आणि रेघा पुन्हा मारायला मामांना बोलावून नेलं.

फुलवंताचं घर मुदतीत झालं. दोन खोल्या, वर पक्का स्लॅब. गृहप्रवेशाला आम्ही सगळे गेलो. बाहेर मांडवात खुर्च्या होत्या, पण मामा सरळ स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीजवळ जमिनीवरच बसले. फुलवंता संकोचून म्हणाली, "मामाजी, भाएर बसा ना, इथं गर्मी होते."

"राहू दे वं बाई," मामा म्हणाले. "इथून समोरचं दार दिसते. माह्या बायकोनं एवढंच मांगतलं होतं."

मी नेमका त्या दारात उभा होतो. पटकन बाजूला झालो.