साडूभाऊंचा खर्ज

जगाने मेली म्हणून सोडून दिलेली कुठलीही वस्तू दिसली, की तिची नाडी स्वतः तपासल्याशिवाय आमचे साडू पुढे पाऊल टाकत नाहीत. तसे ते इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात संशोधक आहेत, डॉक्टरेट वगैरे आहे, पण त्यांचा जीव श्पेर्म्युलमध्ये. ठरलेल्या दिवशी लोक घरातली मोठी अडगळ रस्त्याच्या कडेला मांडून ठेवतात आणि नगरपालिकेची गाडी ती उचलून नेते, त्याला इथे श्पेर्म्युल म्हणतात. साडू त्या गाडीच्या आधी पोचतात. तीन पायांची खुर्ची, मुका झालेला रेडिओ, टाकाही धड न घालणारं शिवणयंत्र, सगळी मंडळी त्यांच्या तळघरात बरी होऊन सुखाने नांदताहेत. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, म्हणते, "मी आजारी पडले ना, तर मला रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवा. तरच ह्यांचं लक्ष जाईल."

अशाच एका सकाळी त्यांना तो बँजो सापडला. आपल्याकडे बँजो म्हटलं की वरातीत वाजणारा, कळा दाबायचा डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. हा परदेशी, लांब दांडीचा, खाली चामड्याने मढवलेला, आणि त्यातही जातीने अवाढव्य: तोंड परातीएवढं, तारा चार, आणि आवाज चेलोसारखा खोल खर्जातला. म्हणून नावही चेलो बँजो. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत बँजोंचे अख्खे वाद्यवृंद असत, त्यात हा खालचा सूर धरायचा. पुढे ते वृंद गेले आणि हाही गेला. अलीकडे काही हौशी लोकांनी तो पुन्हा घडवायला आणि वाजवायला घेतलाय. हे मला कसं माहीत, असं विचाराल तर मी आमच्या वाल्डॉर्फहून त्यांच्याकडे फक्त जेवायला गेलो होतो. जेवण गार झालं, इतिहास संपला नाही. साडूंना हौशी म्हटलेलं चालत नाही. "गेनाऊ," ते म्हणतात. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर, आणि साडू तो शब्द समोरच्याला खोडून काढायच्या आधी वापरतात. "गेनाऊ. पण आम्ही हौशी नाही, आम्ही पुनरुज्जीवन करतोय." जगात हे पुनरुज्जीवन करणारे लोक बहुधा इतके थोडे असावेत, की ते सगळे एकमेकांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करतात.

त्या दिवसापासून मोटारीत पुढच्या सीटवर बँजो पट्टा लावून बसतो आणि ताई मागे. साडू त्याच्या तोंडावर प्लास्टिकचा पडदा ताणत नाहीत, खरं वासराचं कातडंच हवं. "प्लास्टिकला आवाज असतो राव, चामड्याला बोलणं असतं." आता हे बोलणं ऐकायचं कुणी? दुपारी रूहेत्साइट, म्हणजे सक्तीची शांतता, रविवारी तर दिवसभर. म्हणून ते इमारतीच्या तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत बसून रियाज करू लागले. आठवडाभरात वरच्या आजींनी तक्रार केली की धुलाईयंत्र गुरगुरतंय. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर आला, त्याने यंत्र उघडलं, सगळे भाग फरशीवर मांडले, आणि साडू त्याला दिवा धरून मदत करत होते. यंत्र जोडून झाल्यावर म्हणाले, "आता तुम्हाला दाखवतो गुरगुरणं कुठून येतं." तो माणूस अजून त्यांना नमस्कार करत नाही.

पण त्या गुरगुरण्याला एक ठिकाण मिळालं. जवळच्या गावात मँडोलिन आणि गिटारींचा एक जुना वाद्यवृंद आहे. सगळे म्हातारे, आणि त्यांना हाकणाऱ्या फ्राऊ क्लाइन सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांचा खालचा सूर धरणारा वादक वारला होता आणि वृंद बंद करावा असं त्यांच्या मनात येत होतं. साडूंनी बँजो काढून एक तार छेडली. फ्राऊ क्लाइन म्हणाल्या, "आल्झो, ठरलं तर, मंगळवारी सहाला या." नोव्हेंबरचा कार्यक्रम साडूंच्या भरवशावर ठरला.

आणि नेमके ऑक्टोबरात अण्णा आले. अण्णा म्हणजे साडूंचे वडील, परभणीकडचे निवृत्त हेडमास्तर, ताठ कण्याचे. मला फोन आला, "राव, एक वस्तू तुमच्याकडे ठेवायचीय." बँजो आमच्या कपाटावर चढला. आमचा मुलगा जर्मनमध्ये विचारत राहिला की काका वाद्य का लपवतात. आमची ही म्हणाली, तू मोठा झालास की सांगू. आमच्यासारख्या घरांत हे सांगायला सोपं नसतं. अण्णांच्या लहानपणी गावची हलगी त्यांच्या घराकडे होती. आवड म्हणून नव्हे, जातीने लादलेली. कुणाचं लग्न असो की मयत, निरोप आला की जायचं, पुढे चालत वाजवायचं, आणि सगळे जेवले की उकिरड्याशेजारी जमिनीवर बसून उरलेलं खायचं. अण्णांचे वडील बौद्ध झाले त्या दिवशी त्यांनी हलगी विहिरीत टाकली. अण्णा तेव्हा तिच्यावर हात बसलेलं पोर. पुढे त्यांनी मुलाला एकच गोष्ट निक्षून सांगितली होती: आपल्या घरात पुस्तक वाजेल, चामडं वाजणार नाही. साडूंनी जन्मात वडिलांचा शब्द मोडला नव्हता. रियाजाला आमच्याकडे आले की वाजवायच्या आधी खिडक्या बंद करायचे, जसे काही अण्णांना वाल्डॉर्फचं लुडविग्सहाफेनला ऐकू जाणार होतं. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी साडू अण्णांना कारखान्यात काम आहे सांगून निघाले. पण ताईचं डोकं फिरलं होतं. "पन्नाशीचा माणूस चोरासारखा वाजवणार?" असं म्हणून तिने अण्णांना कोट चढवला आणि सरळ सभागृहात आणलं. नोव्हेंबरचं धुकं, सभागृहात हीटर नुकताच लावलेला. आणि आत साडूंची वेगळीच त्रेधा: दमट हवेने कातडं सैल पडलेलं, तार छेडली की ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखी थप्प. फ्राऊ क्लाइन घड्याळाकडे बघत होत्या. अंगणात पाहुण्यांना शेकायला लोखंडी जाळीत लाकडं पेटवली होती. साडू बँजो घेऊन तिकडे धावले आणि तो विस्तवावर धरला. मी मागोमाग गेलो, आणि माझ्या मागे कुणाची तरी काठी वाजली.

"लांब धर. जळेल."

साडूंचे हात जिथल्या तिथे राहिले. अण्णांनी काठी माझ्याकडे दिली आणि बँजो स्वतःच्या हातात घेतला. विस्तवापासून हातभर अंतरावर धरून ते तो हळूहळू फिरवायला लागले, पापड भाजावा तसा. मध्येच कान जवळ नेऊन बोटाच्या मागच्या बाजूने कडेकडेने टकटक करायचे, पुन्हा फिरवायचे. पन्नाशीचे डॉक्टरसाहेब शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून उभे. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण काठी माझ्या हातात होती.

"कुणी सांगितलंय तुला हे वाजवायला?" अण्णांनी विचारलं.

"कुणी नाही, अण्णा. मलाच आवडतं."

"नको म्हणालास तर?"

"तर नाही वाजवायचं. फ्राऊ क्लाइनना वाईट वाटेल, एवढंच."

अण्णांनी आणखी एकदा टकटक केली. "वाजवताना बसवतात कुठे?"

"खुर्चीवर," साडू म्हणाले. "सगळ्यांच्या मध्ये."

अण्णांनी बँजो विस्तवावर शेवटचा एक फेरा फिरवला. मग बँजो त्यांनी मुलाच्या हातात दिला. "आत्ता बोलेल. नीट वाजव."

आणि तो बोलला. मला संगीतातलं कळत नाही, पण त्या म्हाताऱ्यांच्या नाजूक मँडोलिनींखाली तो खर्ज असा पसरला, जसं घराला जोतं मिळावं. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णा मात्र बसूनच होते. हात गुडघ्यावर होता आणि गाणं संपलं तरी त्यांची दोन बोटं थांबली नव्हती. ताईने ते पाहिलं आणि पदर नसल्यामुळे मफलरने डोळे पुसले.

अण्णा आता परत गेलेत, आणि पुन्हा येणं त्यांच्या गुडघ्यांना जमेलसं दिसत नाही. बँजो आमच्या कपाटावरून हलला. तिथे मी सुटकेसेस ठेवल्या आहेत, तरी जागा मोकळीच वाटते. त्या वाद्याचं नाव अण्णांनी आजवर एकदाही काढलेलं नाही. रविवारी फोन येतो तेव्हा सुनेची, नातवंडांची चौकशी होते, आणि सगळ्यात शेवटी ते विचारतात, "हवा कशी आहे रे तिकडे?"

"दमट आहे, अण्णा."

साडू फोन कानाला घट्ट लावून थांबतात.

"लांब धरून शेक," अण्णा म्हणतात, आणि फोन ठेवतात.