प्रार्थनेपुरता बंद केलेला पंखा

"ऑक्युपेशनल अस्थमा," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे कामाच्या जागेमुळे झालेला दमा. मी विचारलं, "हे तुम्ही माझ्या मालकांसमोर सांगाल का?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाकीचे पेशंट बहुधा आधी औषध विचारत असावेत.

मी सांगलीचा. वडील कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे. मालक फळं घेऊन आला की आधी पिशवीचा तळ बघावा, हे मी घरीच शिकलो. दूर तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात मी लोखंडी भागांवर स्प्रेने रंग मारायचो.

सुरुवात कोरड्या खोकल्याने झाली. संध्याकाळी छाती आवळायची, रविवारी मोकळी व्हायची. तुमचंही असं होत असेल तर हवामानाला दोष देऊन गप्प बसू नका. मी बसलो. मग एका दुपारी एक वाक्य पुरं करण्याइतकाही श्वास उरला नाही आणि मला रिक्षात घालून हॉस्पिटलात आणलं.

स्पायरोमेट्री केली. नळीत जोरात फुंकायचं, फुप्फुसांची ताकद कळते. दुखत नाही, पण चक्कर येते. मग बाकावर बसून नाव पुकारायची वाट बघायची.

डॉक्टरांनी कामाचा दिवस तपशिलात विचारला. रंग कडक व्हावा म्हणून मिसळतात त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, तेच छातीत जातं, असं त्यांनी समजावलं.

"मास्क कधी काढता?"

"प्रार्थनेला."

आमचे मालक जेकब सर ख्रिस्ती. रोज रंगाचा पहिला हात मारून झाला की रंगाच्या शेडमध्ये प्रार्थना, कारण सगळे मावतील अशी जागा तीच. ते प्रत्येक कामगाराचं नाव घेऊन देवाकडे त्याचं भलं मागत. शब्द ऐकू यावेत म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा बंद. आदर म्हणून मास्क खाली. सक्ती नव्हती, पण नाही म्हणायची हिंमत कोणाची?

दुसऱ्या दिवशी सर वॉर्डात आले. हातात मोसंब्यांची पिशवी. मी पिशवीकडेच बघत राहिलो.

"तंबी, प्रार्थना करू का? तुझी हरकत नसेल तर." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, इथे तरुण पोराला अशीच हाक मारतात.

"सर, देवाला कळलंय. आता पंख्याचं बघा." आणि मी सगळं सांगितलं.

ते खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "आणखी कोण खोकतं?"

मला प्रश्नाचा संशय आला. रंग कालवणाऱ्या सेल्वी अक्का पदरात तोंड घालून खोकायच्या. कळलं तर कामावरून काढतील, ही त्यांना भीती. दोन मुली त्यांच्या एकटीच्या कमाईवर. मी नाव दिलं आणि त्यांचं काम गेलं, तर?

"नावं देणार नाही, सर. सगळ्यांना तपासा. खोकला निघाला म्हणून कुणालाही काढू नका. मलाही."

"तुझा विश्वास नाही माझ्यावर."

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि शेजारीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "पंखा माझ्या सांगण्यावरून बंद व्हायचा," ते इंग्रजीत म्हणाले. मी कान टवकारले. पुढे एखादा 'पण' येईल म्हणून थांबलो. तो आला नाही.

त्या आठवड्यात सगळ्यांची स्पायरोमेट्री झाली, भरपगारी वेळेत. सेल्वी अक्कांना दमा निघाला. त्यांना आणि मला पॅकिंगमध्ये घेतलं, पगार तोच. वडिलांवरून मला चिडवत अक्का म्हणाल्या, "पत्रकवाल्या, आता तरी नीट झोप."

मला रोज इनहेलर लागतो. त्याची सवय लागत नाही, घाबरू नका. रंगाजवळ मात्र पुन्हा कधीच जायचं नाही. डॉक्टरांचा मी ऋणी आहे. औषधाआधी त्यांनी माझं काम विचारलं. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही सांगा.

प्रार्थना आता फाटकाजवळ, उघड्यावर होते. परतल्यावर पहिल्याच दिवशी मी मुद्दाम आत बसून राहिलो. अक्का गेल्या, मी नाही. प्रार्थना संपवून सर माझ्या टेबलाशी आले.

"साप्टिया, तंबी?" जेवलास का, हे इथे सगळेच सगळ्यांना विचारतात.

"हो, सर."

प्रार्थनेला का आला नाहीस, या पुढच्या प्रश्नाची मी वाट बघत होतो. ते अक्कांकडे वळले आणि त्यांनाही तेच विचारलं.