जक्कूर ते सांबरा, आणि परत येताना शेजारच्या सीटवर गूळ

माझ्याकडे विमान आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतात. म्हणून आधीच खुलासा करतो. आम्ही तिघांनी मिळून घेतलेलं, दोन सीटचं, जुनं हलकं विमान आहे ते. एक इंजिन, एक पंखा आणि सामानाला हँडबॅगेपुरती जागा. बाकीच्या दोघांना रविवारी घरच्यांना बसवून बंगळूरच्या आसपास एक चक्कर मारली की पुरते. मला लांब जायला आवडतं. साठी उलटली, लग्न केलं नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे मला लांब जायला परवानगी लागते ती फक्त सरकारची.

या वेळचं कारण मात्र वेगळं होतं. जानेवारीत चुलतभाऊ भूपालचा निपाणीहून फोन आला. "अण्णा, माताजींचा विहार आपल्या गावावरनं हाय. दोन दिवस मुक्काम. येतासा न्हवं?"

माताजी म्हणजे माझी धाकटी बहीण, कुसुम. बेळगावला टिळकवाडीत आमचं घर होतं. ती शाळेत शिकवायची. आई-आप्पांचं शेवटपर्यंत तिनंच केलं आणि ते दोघे गेल्यावर तिनं दीक्षा घेतली. जैन साध्वी झाल्यापासून ती वाहनात बसत नाही, अनवाणी गावोगाव चालते, त्यालाच विहार म्हणतात. दिवसातून एकदाच, कुणा श्रावकाच्या घरी, ओंजळीत घेऊन जेवते. त्याला आहार म्हणतात. इतक्या वर्षांत मी तिला दोनदा पाहिलं, तेही प्रवचनाच्या मांडवात मागच्या खुर्चीवरून. मला एकदा तरी स्वतःच्या हातानं तिच्या ओंजळीत घास घालायचा होता.

त्याला एक मागची गोष्ट आहे. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा आमच्या घरचा नेम. मी तेव्हा बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात नोकरीला होतो आणि संध्याकाळच्या बसचा काही भरवसा नसे. आई-आप्पांना वाढून झालं की कुसुम आमची दोघांची ताटं झाकून दारात उभी राहायची. मी वेळेत आलो तर दोघं जेवायचो. दिवस मावळून गेला की मी स्टँडवर काहीतरी खाऊन आलेला असायचो आणि ती सकाळपर्यंत उपाशी. रागावलो की म्हणायची, "एकट्यानं काय जेवायचं रं अण्णा?"

तर, ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आदल्या दिवशी उड्डाणाचा आराखडा द्यायचा, हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक घ्यायचा, प्रत्येक विमानतळाला आधी कळवायचं. आमच्यासारख्या विमानांना उड्डाण आणि उतरणं दोन्ही उजेडातच करावं लागतं. थोडक्यात, सरकारही आमच्या आईसारखंच सूर्यास्ताला कडक आहे. इंजिन गाडीच्या पेट्रोलवर चालतं, पण विमानतळावर ते मिळत नाही. मी वाटेत हुबळीला, आधी बोलून, रीतसर परवानगीनं, कॅनमधून मागवलं. उतरण्याचं शुल्क, पार्किंग, पेट्रोल, टॅक्सी हे सगळं धरता एवढ्या पैशात साध्या विमानाचं तिकीट काढून दोनदा जाऊन येता आलं असतं. हिशेबी माणसानं या वाटेला जाऊ नये.

आमचं विमान असतं त्या बंगळूरच्या जक्कूर विमानतळावर, हँगरला, रामाप्पा नावाचा वॉचमन आहे, अथणीकडचा. त्याच्याशी माझं मराठीत बोलणं होतं, बाकी तिथे सगळं कन्नड. शेजारच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या पट्ट्यानं बांधताना त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला.

"सायेब, आजबी एकटंच?"

"बाटल्या आहेत की सोबतीला."

तो हसला नाही. मला ते जरा लागलंच.

सकाळचं धुकं निवळल्यावर निघालो. तुमकूरपासून मी सरळ हायवे धरला. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या, पुढे दावणगिरी, मग हावेरीची काळी रानं. हाच रस्ता पुढे बेळगाव, संकेश्वर करत निपाणीला जातो, म्हणून नकाशा असूनही माझी नजर रस्त्यावरच होती. कुठेतरी याच रस्त्याच्या कडेनं कुसुम चालत होती. वर एकट्या माणसाला रेडिओ हीच काय ती सोबत, पण टॉवरवरचा माणूस मला विमानाच्या नंबरानं ओळखतो. तो "गुड मॉर्निंग" म्हणतो तेव्हा मी जरा जास्तच मोठ्यानं उत्तर देतो. पूर्वी मला या एकटेपणाचा अभिमान वाटायचा. हल्ली दोन तासांनंतर तो अंगावर येतो, हे खरं सांगून टाकतो.

हुबळीला पेट्रोल भरताना काच पुसली. काचेवर चिलटं चिकटली होती. मुंगीवरही पाय पडू नये म्हणून मोरपिसांच्या पिंछीनं जागा झाडून मग बसणाऱ्या बाईला भेटायला मी असा निघालो होतो. काच जरा जास्त वेळ पुसली.

बेळगाव जवळ आलं तशी हवा गढूळ झाली. उसाच्या तोडी सुरू होत्या आणि रानोरान पाचट पेटलेलं. सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची, धावपट्टी दिसायला हवी त्याच्या बरीच नंतर दिसली. हिवाळ्यात इकडे येणाऱ्यांनी हा धूर धरून चालावं आणि दुपार टाळावी. विमान बांधून ठेवलं, बाहेर येऊन टॅक्सी केली. विमानतळावर फोटो काढू नका, हवाई दलाची जागा आहे.

टॅक्सी टिळकवाडीतून नेऊ का, असं ड्रायव्हरनं विचारलं. आमच्या घराच्या जागी आता अपार्टमेंट आहे. नको म्हटलं. संकेश्वरला थांबून मिरची भजी खाल्ली आणि ओळखीच्या गुऱ्हाळावरून ताजा गूळ घेतला, दोन किलोची ढेप, अजून कोमट. लहानपणी कुसुमला गूळ दिसला की बाकी जेवण दिसायचं नाही.

भूपालचं घर निपाणीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. त्याचा तंबाखूचा व्यापार. त्याची बायको शोभा हिनं सगळा चौका, म्हणजे आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक, मांडून ठेवला होता. विहिरीचं पाणी, घरी जात्यावर दळलेलं पीठ. मी कौतुकानं ढेप पुढे केली. तिनं ती हातातही घेतली नाही.

"अण्णा, बाहेरचं चालत न्हाय. आणि माताजींचा गुळाचा त्याग हाय. लई वर्सं झाली."

ढेप मी पिशवीत परत घातली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगणार तरी कोण.

भूपाल म्हणाला, "आणखी एक. आहार देणाऱ्याला माताजी कायतरी सोडाय लावत्यात. नियम देत्यात. मी मागच्या बारी तंबाखू सोडली."

"तंबाखू विकून?"

"विकतो की. खात न्हाय." मग हळूच, "तुमास्नी विमान सोडा म्हणाल्या तर?"

त्या रात्री मला हाच घोर लागला. माझ्याकडे सोडण्यासारखं दुसरं काहीच नाही. आणि तिनं मागितलं तर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. विमान नाही म्हणजे रविवार नाही, हँगर नाही, रामाप्पा नाही. सोमवार ते शनिवार कसे रिकामे जातात ते मला माहीत आहे.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही दारात उभे राहिलो. मी पांढरं धोतर नेसलेला, हातात कलश आणि वर नारळ. गावात आणखी पाच-सहा दारांत माणसं अशीच उभी होती. साध्वी मनात एक खूण धरून निघतात आणि ती जिथे जुळेल तिथेच थांबतात. ती खूण कुणाला सांगायची नसते. कुसुम आली. पांढरी साडी, आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजवा हात खांद्याशी, डोक्यावर लोच केलेले, म्हणजे हातानं उपटून पुन्हा उगवलेले, खुरटे पांढरे केस. "वंदामि माताजी, अत्र तिष्ठ तिष्ठ," इथे थांबा, असं आम्ही म्हणत राहिलो. ती आमच्या दारावरून गेली. नजर खाली, चार पावलांपुढची जमीन बघत. चौथ्या घरापाशी थांबली.

शोभा म्हणाली, "उद्या बघू." मला कलश खाली ठेवायचं सुचेना. सख्ख्या बहिणीनं न बघता पुढे जाणं नियमात बसतं हे मला कळत होतं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी ती थांबली. काय खूण होती देव जाणे. आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या, आत नेलं, पाटावर बसवलं, शोभानं पाय धुतले. टाचांना खोल भेगा होत्या. मी भाकरीचा मऊ चुरा दुधात कालवून तिच्या ओंजळीत घालत होतो आणि माझा हात थरथरत होता. आहारात मौन असतं. तिनं एकदाही वर पाहिलं नाही, फक्त ओंजळ माझ्या हाताच्या थरथरीखाली जरा पुढे सरकवली.

नंतर ओसरीवर बसल्यावर ती बोलली. आवाज तोच होता, शाळेतला. पण मला "तुम्ही" म्हणाली, सगळ्यांना म्हणते तसं.

"कशानं आलात?"

भूपालनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "विमानानं. स्वतः चालवून."

"एकटेच?"

"व्हय माताजी. एकटाच."

"तिकडं जेवणाचं काय?"

"डबा येतो. सकाळ-संध्याकाळ."

"कुणाबरोबर जेवता?"

मी धोतराचा सोगा नीट करू लागलो. उत्तर तिला कळलं असावं. ती म्हणाली, "नियम घ्याल?"

"घेतो."

"एकट्यानं जेवणं सोडा."

एवढंच. मी हात जोडले. तिनं पिंछी उचलून आशीर्वाद दिला, शोभाला दिला तेवढाच, भूपालला दिला तेवढाच. दुपारनंतर ती हायवेच्या कडेनं संकेश्वरच्या दिशेनं चालू लागली. मी गावच्या कमानीपर्यंत गेलो. तिथून पुढे माझं काम नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सांबऱ्याहून निघालो. शोभानं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. हुबळीला पेट्रोल यायला उशीर झाला, पोटात कावळे ओरडायला लागले, पंखाच्या सावलीत बसून मी डबा उघडला आणि घास मोडताना आठवलं. इकडेतिकडे पाहिलं. सुरक्षेच्या जवानाला विचारलं, तो म्हणाला ड्यूटीवर आहे. पेट्रोलवाल्यानं घड्याळ दाखवलं. एवढ्या मोठ्या विमानतळावर माझ्याबरोबर दोन घास खाणारं कुणी मिळेना. डबा बंद करून शेजारच्या सीटवर गुळाच्या ढेपेपाशी बांधला आणि उपाशीच उडालो. चित्रदुर्गावर आलो तेव्हा मला एकदम रडू आलं. वर एक सोय असते, कुणी बघत नाही. टॉवरनं नंबर घेऊन हाक मारली तेव्हा घसा साफ करून उत्तर दिलं.

जक्कूरला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. रामाप्पा चाकांना ठोकळे लावायला आला.

"रामाप्पा, जेवलास?"

"जेवलो की सायेब. कवाच."

मी तसाच उभा राहिलो असेन. त्यानं सीटवरचा डबा बघितला, मग माझ्या तोंडाकडे.

"का? तुमी न्हाय जेवला? बसा, मी आनिक एकदा बसतो."

आम्ही हँगरच्या उंबऱ्यात बसलो. त्यानं अर्धी भाकरी घेतली आणि गूळ मात्र मनापासून खाल्ला. दिवस मावळायला थोडा अवकाश होता.

या गोष्टीला आता महिना झाला. सहलीचं काय उरलं म्हणाल तर फोटो तीनच आहेत आणि तेही ढगांचे. बहिणीनं पुन्हा अण्णा म्हणावं अशी आशा मी घेऊन गेलो होतो, ती काही पुरी झाली नाही, होणारही नाही. पण रोज दोन्ही वेळा, डबा आला की, मला कुणाचं तरी दार वाजवावं लागतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आता मी येण्याआधीच पाट मांडतात. ते परवा काही दिवसांसाठी मुलीकडे म्हैसूरला जात आहेत. तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी बंगळुरात जक्कूरच्या बाजूला राहत असाल, तर कळवा. विमानाबद्दल विचारा, रस्त्याबद्दल विचारा, सगळं सांगतो. भाकरी माझी, गूळही अजून थोडा आहे. फक्त जेवायला बसा, मला नियम आहे.